आधी चिंधी, मग पाना

सरांच्या सायकलीला दोन आरसे होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही कुठल्याशा मोडीत निघालेल्या मोटारसायकलीचे. आदिलाबादच्या रस्त्यावर ही सायकल दिसली की पानठेल्यावरची पोरं ओरडायची, "सर, मागून विमान येऊन राह्यलं!" सर आरशात बघायचे. खरोखर बघायचे, आणि सांगायचे, "नाई. बकरी हाय."

मागून बकरीच येत असायची.

ते मोटारींची दुरुस्ती शिकवायचे, पण त्यांच्याकडे मोटार नव्हती आणि चालवायची हौसही नव्हती. कापसाच्या जिनिंगपलीकडे, गावाबाहेर, पत्र्याच्या छपरीखाली एक लहानसं खाजगी प्रशिक्षण केंद्र होतं. आता ते बंद पडलं आहे आणि सर भैंसा गावी लेकाकडे राहतात. मी तिथं दीड वर्ष शिकले. अकरा मुलं आणि मी. पहिल्या दिवशी मुलं माझ्याकडे बघत होती, सर माझ्या नखांकडे. "हे पांढरे नखं किती दिवस टिकतेत पाहू," एवढंच ते म्हणाले. माझं स्वागत इतकंच झालं आणि मला ते आवडलं. मुलगी असून इकडे कशी, असं न विचारणारा त्या छपरीतला तो एकटा माणूस होता.

पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला बॉनेट उघडू दिलं नाही. फक्त दारावरचा बाजूचा आरसा. काढा, बसवा, पुन्हा काढा. शेवटी एक मुलगा वैतागला.

"सर, इंजिन कधी शिकवसान?"

"इंजिन बिघडलं त गाडी काय करते?"

"थांबते."

"आन् आरसा बिघडला त?"

उत्तर सरांनीच दिलं.

"गाडी चालतच राह्यते, बाप्पा. म्हनून आधी आरसा."

बहुतेक गाड्यांमध्ये हा आरसा दारावर तीन नटांनी धरलेला असतो. नट बाहेरून दिसत नाहीत. दाराच्या आतल्या अंगाला, काचेच्या पुढच्या कोपऱ्यात, एक तिकोनी झाकण असतं, त्याच्यामागे ते असतात. आरसा हलायला लागला की लोक बाहेरून चिकटपट्टी गुंडाळतात, तार बांधतात, कोणी सुतळीसुद्धा. सरांना ते बघवत नसे. "पट्टी जखमेले, आरशाले नाई," असं म्हणून ते अनोळखी माणसाच्या गाडीचीही पट्टी तिथल्या तिथं फाडायचे आणि मग त्या माणसाशी भांडत भांडत नट कसून द्यायचे.

खरं काम दहा मिनिटांचं. झाकण हळूच उचकटायचं, नट कसायचे, झाकण दाबून बसवायचं. पण नटांच्या खाली दाराची पोकळी असते. बोटातून नट निसटला तर तो सरळ दाराच्या पोटात जातो आणि मग तेवढ्यासाठी अख्खं दार उघडावं लागतं. म्हणून सरांचा पहिला नियम: आधी चिंधी, मग पाना. पोकळीच्या तोंडाशी चिंधी कोंबल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. लोकांच्या खिशाला पेन असतं, सरांच्या खिशात चिंध्या असायच्या, त्यांच्या बायकोच्या जुन्या लुगड्यांच्या, नीट घडी केलेल्या. एकदा बँकेत सही करताना त्यांनी पेन म्हणून चिंधी बाहेर काढली होती.

दुसरा नियम त्यांनी स्वतःच काढलेला. झाकण बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं आपलं नाव लिहायचं. बाहेर नाही, आत.

"तिथं कोन वाचते, सर?" मी विचारलं होतं.

"जो उद्या उघडन तो. त्याले समजाले पायजे का नाई, जाब कोनाले विचाराचा?"

आरसा बसला की परीक्षा. ते आम्हाला चालकाच्या जागेवर बसवायचे आणि विचारायचे, "कोन दिसते?" काय दिसतं असं त्यांनी कधी विचारलं नाही. "मागचा रस्ता दिसतो" असं कोणी म्हटलं की परत उतरवायचे. गाडीच्या मागे, बाजूला, कोपऱ्यात एकेका मुलाला उभं करायचे आणि ज्याचं नाव सांगता येत नाही तो मेला असं जाहीर करायचे. माझ्या पहिल्या परीक्षेत मी तीन जण मारले.

लग्नाच्या दिवसांत सरांना सोबत नेणं धोक्याचं होतं. नवरदेवाची गाडी झेंडूच्या माळांनी लदलेली असते, आरसेसुद्धा. एका लग्नात वरात निघायच्या वेळी सर पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही आरशांवरची फुलं ओरबाडून काढली. नवऱ्याचा मामा धावून आला. "अहो, अपशकुन करता का?"

"शकुन समोरच्या काचेवर लावा," सर म्हणाले. "अठी मांगचे लेकरं दिसू द्या."

मामानं त्यांची कॉलर धरली. सरांनी त्याच्या हातात फुलं दिली. जेवण काही त्या दिवशी झालं नाही. परत येताना ते अगदी खुशीत होते.

बसचंही तेच. ते नेहमी अशा जागी बसायचे की तिथून चालकाचा डावा आरसा दिसेल. एकदा भैंसाच्या वाटेवर तो आरसा प्रत्येक खड्ड्याला मान टाकत होता. सरांनी उठून बस थांबवायला सांगितलं. कंडक्टर तेलुगूत चिडला, चालक हिंदीत चिडला, प्रवासी मराठीत. शेवटी "बसा नाहीतर उतरा" असं ठरलं आणि सर उतरले. सात-आठ किलोमीटर चालत गेले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय मिळालं सर, तुमच्या एकट्याच्या उतरण्यानं?"

"मी त्या बसमंदी नोहतो," ते म्हणाले. "हे मिळालं."

हे मला तेव्हा पटलं नाही. आदिलाबादला येण्याआधी माझे बाबा बेल्लमपल्लीच्या खाणीत आणि तिथल्या कामगार संघटनेत होते. आमच्या घरी पाठ्यपुस्तकांना कव्हर पत्रकांचं असे, कपाटाच्या फळीवर अंथरलेलं पत्रकच असे, आणि मी अक्षरं शिकले ती लाल शाईच्या मथळ्यांवरून. "जबाबदार कोण?" हा बहुतेक पत्रकांचा मथळा, आणि उत्तर ठरलेलं: वरचे. ते उत्तर मला आजही बरंचसं खरं वाटतं. पण सर मला फार लहान माणूस वाटायचे. आजूबाजूला एवढा अन्याय आणि हा माणूस तीन नटांत गुंतलेला! मी केंद्रात पत्रकं न्यायची आणि त्यांच्या पुढ्यात मुद्दाम ठेवायची. ते चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.

"चांगलं हाय. कोनं लिवलं?"

"समितीनं."

"समितीचं अक्षर बरं हाय," ते म्हणायचे. "पन नाव काऊन नाई टाकलं कोनाचं?"

"नावं टाकली तर पोलीस उचलतील, सर."

"हाव, ते खरं हाय." ते मान डोलवायचे, वाद घालायचे नाहीत, आणि मला तर वादच हवा असायचा.

एका सकाळी सर कोणाच्या तरी तेरवीला भैंसाला गेले होते. छपरीत आम्ही चार-पाच जण. जिनिंगच्या एका मालकाची पांढरी गाडी आली. डावा आरसा सैल झाला होता. ड्रायव्हर, त्यांना सगळे चाचा म्हणत, किल्ली खिळ्याला अडकवून चहा प्यायला गेले आणि ते काम मी अंगावर घेतलं.

मी झाकण काढलं. दोन नट छान कसले गेले. तिसऱ्याच्या आट्यांत माती होती, म्हणून मी तो पुसायला बाहेर काढला. तो बोटांतून निसटला. दाराच्या आत त्याचा पडण्याचा आवाज झाला, एकदा जोरात, मग दोनदा बारीक. खाली बघितलं तर पोकळीच्या तोंडाशी चिंधी नव्हती. मी ती लावलीच नव्हती. सर नाहीत, मी एकटीनं लवकर करून दाखवते, या तोऱ्यात मी पाना आधी उचलला होता.

डब्यातला एकही नट त्या आट्यांना बसेना. दार उघडायला तास गेला असता. मुलं पलीकडच्या गाडीपाशी होती, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मुलगी नट पाडते, हे त्यांना दाखवायचं नव्हतं. आरसा मी हलवून बघितला, दोन नटांवरही घट्ट होता. झाकणाच्या आत नाव लिहायला पेन्सिल घेतली आणि लिहिलं नाही. अर्धवट कामावर नाव कसं टाकायचं, असं मी स्वतःला सांगितलं. झाकण दाबून बसवलं. चाचा आले, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि गेले. काम कोणी केलं हे त्यांनी विचारलं नाही.

दहा-बारा दिवसांनी तीच गाडी परत आली. या वेळी मालक स्वतः होते आणि चाचा मान खाली घालून मागे उभे होते. कापूस बाजाराच्या रस्त्यावर गाडी डावीकडे घेताना मोपेडवरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला धक्का लागला होता. म्हातारा पडला, मनगटाचं हाड मोडलं. चाचांचं म्हणणं एकच होतं: आरसा खाली कलला होता, त्यात फक्त रस्त्याची माती दिसत होती.

"हा म्हणते, आरसा तुमच्याकडे बसवला," मालक सरांना म्हणाले. "तुमचं काम कच्चं, का हा खोटा, तेवढं सांगा. वीस वर्षं गाडी चालवते हा. चूक याची असन त आजपासून नाई चालवनार."

"यहींच हुआ साब," चाचा म्हणाले. "उस दिन से दरवाजे में कुछ तो बी बजरा. मैं सोचा, बाद में दिखाता."

सरांनी स्वतः झाकण उचकटलं. उलटं केलं. उजेडाकडे धरलं. आत कोरं होतं. त्यांची छाती फुगलेली मला दिसली.

"हे आमचं काम नोहे," ते म्हणाले. "आमच्या पोरायचं नाव असल्याबिगर झाकन बसत नाई. यायनं मंग बाहेर कुठं तरी उघडलं असन."

"नै सर, अल्ला कसम—"

"माहे पोरं नाव लिवतेत," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "मी वळखतो माह्या पोरायले."

दारात काहीतरी वाजतं, असं समोरचा माणूस सांगत होता. एरवी सरांनी तेवढ्या शब्दावर कान दाराला लावला असता. पण त्या दिवशी त्यांनी दार हलवूनही बघितलं नाही. त्यांना आमचा अभिमान होता, आणि त्या अभिमानानं त्यांचे कान बंद केले होते.

मालकांनी हात पुढे केला. "चाबी दे."

चाचांनी खिशातून किल्ली काढली. तिच्या साखळीला आणखी एक लहान किल्ली होती, बहुधा त्यांच्या घराची. ती वेगळी करायला ते लागले. कडी घट्ट होती. त्यांच्या जाड बोटांनी ती उघडेना.

"सर, मी केलं," मी म्हणाले. "आत दोनच नट आहेत. तिसरा दारात आहे. मी चिंधी लावली नव्हती."

सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी दार धरलं आणि एकदा आपटलं. आतून आवाज आला. मग ते चाचांसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले.

"भाऊ, तुमी खरं बोलून राह्यले व्हते. खोटं मी बोललो."

"आपको मालूम नै था, सर."

"मालूम नोहतं आन् तरी छातीठोक बोललो. हे त लयच वाईट."

मग ते माझ्याकडे वळले. मी शिव्यांची तयारी करून उभी होते. "दार उघड," ते म्हणाले आणि खिशातली चिंधी माझ्या हातात दिली.

मालकांच्या, चाचांच्या आणि अकरा मुलांच्या डोळ्यांदेखत मी ते दार उघडलं. मला तास नाही, पाऊण तास लागला. सर एकदाही मध्ये पडले नाहीत, स्क्रूसुद्धा धरला नाही. नट खालच्या कडेला मातीत बसला होता. मी तो पुसला, चिंधी कोंबली, तिसरा नट बसवला आणि झाकणाच्या आत नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"तोंडी नको," मालक म्हणाले. "त्या म्हाताऱ्याच्या घरचे उद्या ठाण्यात गेले त? लिहून द्या."

त्यांना वाटलं होतं, इथं सगळे गप्प होतील. मी कागद घेतला. पत्रकं वाचून वाचून मला तसलं लिहिता येत होतंच. अर्धं पान झालं तेव्हा सरांनी ते मागितलं आणि मोठ्यानं वाचलं. "प्रशिक्षणार्थींवर कामाची घाई लादणाऱ्या व्यवस्थेमुळे..." ते थांबले. चष्म्यावरून बघितलं.

"हे व्यवस्था त्या दिवशी अठी आली व्हती काय? पोट्ट्यांनो, कोनी पाह्यली?"

मुलं हसली. चाचासुद्धा हसले. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर चार ओळी लिहिल्या: आरसा मी बसवला. चिंधी लावली नाही, म्हणून नट दारात पडला. मी दोन नटांवर गाडी जाऊ दिली आणि कोणाला सांगितलं नाही. ड्रायव्हरची यात चूक नाही. खाली नाव, पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. इतकं उघडं मी त्याआधी काही लिहिलं नव्हतं. त्याखाली सरांनी त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं, "हे काम माझ्या छपरीत झालं. मी न तपासता ड्रायव्हरला खोटं ठरवलं," आणि सही केली.

मालकांनी कागद दोनदा वाचला. मग किल्ली चाचांकडे न बघताच त्यांच्या हातात ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. केंद्र चालवणाऱ्यांनी सरांना त्याच आठवड्यात जाब विचारला आणि बाहेरच्या गाड्या घेणं बंद केलं. सरांनी उत्तरात त्याच कागदाची नक्कल पाठवली. वेगळं काही लिहिलं नाही.

मला वाटलं, झालं. रविवारी सकाळी सर सायकल घेऊन आमच्या दारात. "चाल," ते म्हणाले.

"कुठं?"

"ज्याचा हात मोडला त्याच्या घरी. त्याले कोनं सांगितलं अजून?"

ते गाव बसनं तासाभरावर, राज्याच्या सरहद्दीच्या बाजूला. म्हातारा ओसरीत बसला होता, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. अंगणात मोपेड उभी. त्याच्या बायकोनं पाणी आणलं आणि सरांना विचारलं, "हे पोट्टी कोन? लेक काय?"

"नाई बाई," सर म्हणाले. "मेकॅनिक हाय. जे सांगाचं ते याच सांगतीन."

दीड वर्षात त्यांनी मला पोरी, पोट्टी, अकलेची खान असं सगळं म्हटलं होतं. हे पहिल्यांदा. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चिंधी, नट, झाकण. व्यवस्थेचं नाव काढलं नाही.

म्हातारा घराच्या दिशेनं ओरडला, "ऐकलं काय वो? माही चूक नोहती!"

"ऐकलं," बाई दारातूनच म्हणाली. "आठ दिवसापासून तुमाले बोलून राह्यली मी. का बुढे झाले, दिसत नाई, रस्त्याच्या मंधात गाडी घालता. आता तेवढं सारं कोनाले बोलू?"

"मला बोला," मी म्हणाले.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बस. चहा पे आधी."

चहा झाला. कप आत ठेवून ती परत आली, पदर खोचून माझ्यासमोर बसली आणि बोलली. कापूस वेचणीचे दिवस, नवऱ्याचा एक हात, एकटीनं बैलांचं करणं, रात्री ठणकलं की त्याचं कण्हणं, सगळं बोलली. सरांच्याच वयाची बाई ती, अर्धा तास बोलली. सर माझ्या शेजारी बसून होते. त्यांनी मला वाचवायला एक शब्दही मध्ये घातला नाही, आणि मीही मान खाली घातली नाही. तिच्या डोळ्यांत बघत सगळं ऐकून घेतलं. पुढे मीही लिहू लागले; वेगळ्या वेळी, वेगळ्या लोकांनी माझ्या लिहिण्याचं कौतुक केलं आहे. पण ताठ मानेनं मी सर्वांत जास्त वेळ कुठं बसले असेन, तर त्या ओसरीत.